आईला कावळा शिवलाय

नर्सनं आधी हातमोज्यांची एक जोडी घातली, तिच्यावर दुसरी घातली, अंगात निळा प्लास्टिकचा झगा चढवला, तोंडाला जाड मास्क लावला आणि एवढा बंदोबस्त झाल्यावर ते लाल औषध माझ्या शिरेत सोडायला घेतलं. मद्रासेजवळ आवडी म्हणून गाव आहे, तिथल्या एका शाळेत मी नववी-दहावीला केमिस्ट्री शिकवते. लॅबमध्ये पोरांनी मोजे न घालता बाटलीला नुसता हात लावला तरी मी खोली डोक्यावर घेते. इथं ज्याचा एक थेंब अंगावर उडू नये म्हणून ही बाई स्वतःला एवढं जपत होती, ते ती सरळ माझ्या आत ओतत होती. मला हे दिसत होतं, कळत होतं, आणि वाटत मात्र काहीच नव्हतं. भीतीसुद्धा नाही. शेजारी श्रीवत्स, माझा नवरा, मांडीवर बर्फाचा थर्मास घेऊन बसला होता. औषधानं तोंड येतं, ते येऊ नये म्हणून तो मला बर्फाचा एकेक तुकडा देत होता आणि मी चोखत होते.

"सुष्मिता, काही होतंय का?" त्यानं विचारलं.

"बर्फ गार आहे," मी म्हटलं.

तो हसला नाही. मी तरी कुठे विनोद केला होता?

स्तनातली गाठ काढून महिना-दीड महिना झाला होता. भव्याला, आमच्या सात वर्षांच्या लेकीला, "आईचं छोटंसं ऑपरेशन" एवढंच सांगितलं होतं. खरं काय ते केमो सुरू व्हायच्या आधी नीट बसून सांगायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. आधी तिची युनिट टेस्ट आली, मग तिला सर्दी झाली, मग रविवार आला आणि रविवारी कोण असलं बोलतं! कारणं शोधण्यात आम्ही दोघंही हुशार. आज, सोमवारी, केमो सुरू झाली होती आणि तिला अजून काहीही माहीत नव्हतं. तिला सांगायचंय हा एकच विषय तेवढा माझ्या डोक्यात जागा होता, बाकी सगळीकडे लाइट गेल्यासारखं होतं.

निघताना नर्सनं तमिळ आणि इंग्रजीची भेळ करून सूचना दिल्या. दोन दिवस बाथरूम वेगळं वापरायचं, झाकण पाडून दोनदा फ्लश करायचं, कपडे वेगळे धुवायचे, उलटी झाली तर मोजे घातल्याशिवाय कुणी पुसायची नाही, मुलीला त्याच्या आसपास येऊ द्यायचं नाही. "बाकी एल्लाम नॉर्मल," ती म्हणाली, म्हणजे बाकी सगळं नेहमीसारखं. "मुलीला जवळ घ्या, हग करा, नो प्रॉब्लेम." हे शेवटचं तिनं मुद्दाम मास्क खाली करून, हसून सांगितलं. मीही ऐकलं, श्रीवत्सनंही ऐकलं.

घरी पोचेपर्यंत मात्र ते शेवटचं वाक्य वाटेत कुठेतरी गळून पडलं. श्रीवत्सनं त्याच्या आईला बाथरूम सांगितलं, कपडे सांगितले, उलटीचं सांगितलं आणि मग त्याला फॅक्टरीतून फोन आला. अम्मांना तेवढं पुष्कळ झालं.

"अस्कं कळलं मज," त्या म्हणाल्या, म्हणजे सगळं कळलं. "दोन दिवस काय, चार दिवस बसूं दे तिज. मी पाहतें कीं."

माझ्या सासूबाई, अंबुजा त्यांचं नाव, तंजावरच्या. मी मिरजेची. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईला केवढा आनंद झाला होता, एवढ्या लांब मद्रासेत का होईना पण मराठी घर मिळालं! घर मराठी होतंच, फक्त ती मराठी तीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन तमिळच्या शेजारी राहिलेली होती. पहिलं वर्षभर मी आणि अम्मा एकमेकींशी मराठीत बोलायचो आणि श्रीवत्स मधे बसून दोघींना समजावून द्यायचा. आता सगळं कळतं. कधीकधी जास्तच कळतं.

तर अम्मांनी कामाला हात घातला. मागची खोली माझी झाली, कारण तिला लागून बाथरूम आहे. माझं ताट वेगळं, पेला वेगळा, चटई वेगळी, टॉवेल वेगळा. जेवण खोलीच्या उंबऱ्याशी ठेवायचं, दोन पावलं मागे सरायचं आणि मग मला हाक मारायची. मी ताट उचललं की त्या परत पुढे यायच्या. हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. लहानपणापासून वयाच्या पन्नाशीपर्यंत दर महिन्याला त्या अशाच बाहेरच्या बसत आल्या होत्या. माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मी नाही म्हटलं आणि ते बंद झालं. बायॉप्सी, स्टेज, सायकल, पोर्ट या शब्दांपुढे गेले दोन महिने गप्प बसलेल्या त्या बाईला पहिल्यांदाच काहीतरी ओळखीचं सापडलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला होता, खोटं कशाला बोलू. मला राग यायला हवा होता. मी आडवी पडून पंखा बघत राहिले.

संध्याकाळी भव्या शाळेतून आली ती दप्तरासकट माझ्याकडे धावली. अम्मा दारात आडव्या आल्या.

"शिवूं नकों! आईस शिवूं नकों!"

"का?"

अम्मा अडखळल्या. मी आतून ऐकत होते. आता ही बाई काय सांगते बघू, असंच मला वाटलं, जशी काही भव्या माझी मुलगीच नव्हती.

"आईस कावळा शिवला," अम्मा म्हणाल्या. "चार दिवस कोणी शिवायचं नाहीं. मग न्हाऊन बरी होईल."

मला हसू फुटलं. आठवड्यात पहिल्यांदा. मिरजेला माझी आईही महिन्यातून एकदा कोपऱ्यात घोंगडीवर बसायची आणि विचारलं की हेच सांगायची, कावळा शिवलाय. घरातली कुठलीही बाई लेकरांना हेच सांगायची. मिरज आणि तंजावर यांच्यामध्ये एवढं अंतर, एवढी वर्षं, आणि थाप मात्र तीच! मी चार-पाच वर्षांची असताना आई ओणवी झाली की तिच्या पाठीवर चोचीची खूण शोधायचे.

त्याच क्षणी उठून "ये गं इकडे" म्हणायला हवं होतं. उठले नाही. भव्या जवळ आली असती तर तिनं प्रश्न विचारले असते, गळ्यात पडली असती, आणि माझ्याकडे तिला द्यायला काहीच नव्हतं, ना उत्तर ना माया. मी आतून पूर्ण कोरडी होते. कावळा शिवलाय तर कावळा, चार दिवस तरी निभावतील. मला बरं वाटलं, हे स्पष्टच सांगते.

दुसऱ्या दिवशी रक्तातल्या पेशी वाढवायचं एक इंजेक्शन घेऊन आलो आणि त्या रात्रीपासून हाडं ठणकायला लागली. मांड्यांची, कमरेची, छातीच्या मधल्या फळीची. तोंडाला चव अशी की पितळी तांब्या चाटतेय. मळमळ तर काही विचारू नका. अम्मा स्वयंपाकघरात हिंग फोडणीला टाकायच्या आणि मी मागच्या खोलीत तोंडावर उशी दाबायची. त्यांनी फोडणी बंद केली. रसम पातळ केलं, मग भातच मऊ केला, मग नुसतं ताक ठेवलं. उंबऱ्यापलीकडे उभ्या राहून त्या मी किती घोट घेतेय ते बघायच्या आणि स्वतःच गिळल्यासारखं करायच्या. दर थोड्या वेळानं श्रीवत्स थर्मामीटर घेऊन यायचा. ताप चढला तर लगेच फोन करा, असं बजावलं होतं. ताप चढत नव्हता. "गुड," तो म्हणायचा आणि जायचा. बुधवारपासून तो फॅक्टरीत जायला लागला. घराबाहेर पडताना त्याचे खांदे जरा सैल झालेले मला खोलीच्या दारातून दिसले आणि त्याचाही मला राग आला नाही. मीसुद्धा पळाले असते.

भव्या शाळेतून आली की दारात यायची. उंबऱ्याला पाय लागणार नाहीत इतकी लांब, हात पाठीमागे धरून.

"आई, पेन होतंय का? दुखतंय?"

"थोडं."

"कुठे शिवला?"

मी काय करावं? हातावर सलाईनच्या सुईची जागा काळीनिळी झाली होती, ती दाखवली. "इथं." त्या घडीला तेच सोपं होतं. तिनं मान पुढे काढून तो डाग खूप वेळ पाहिला. मग निघून गेली. बरीच शहाणी झालीय पोर, हट्ट करत नाही, असं मला वाटलं. अम्मांनाही वाटलं. "कित्ती गुणाची आहे म्हणून सांगूं," त्या उंबऱ्यापलीकडून म्हणाल्या, "ताट धुऊन ठेवल्यागत स्वच्छ करते. एक शीत टाकीत नाहीं."

त्या दिवसांत कावळ्यांचा फार त्रास झाला. आमच्या क्वार्टर्सच्या मागे ओटा आहे, त्याला कमरेएवढी भिंत आहे आणि भिंतीपलीकडे कडुनिंब. इथल्या घरोघरच्या रिवाजाप्रमाणे आमच्याकडेही रोज स्वयंपाक झाला की पहिला घास कावळ्याला जातो. भाताचा मुठीएवढा गोळा, त्यावर वरण-तूप, भिंतीवर ठेवायचा आणि "का, का" करून बोलवायचं. कावळा जेवला की मग घरचे जेवायचे, तोवर मुरुक्कुसुद्धा, म्हणजे आपली चकलीसुद्धा, तोंडात टाकायची नाही. हे काम भव्याचं. माझे सासरे, राममूर्ती, दोन वर्षांपूर्वी गेले. ते कावळ्याच्या रूपानं जेवायला येतात असं अम्मांनी तिला सांगितलं होतं आणि तिनं तेवढ्यावर न थांबता त्यांना शोधूनही काढलं होतं. कडुनिंबावरच्या कावळ्यांत एक लंगडा होता. सासरेही एका पायानं लंगडायचे. झालं, तो तात्ता, म्हणजे आजोबा. "त्यांचंच चालणं," असं म्हणून अम्मांनी शिक्कामोर्तब केलं. मी केमिस्ट्रीची बाई, मला काय कळतंय.

एरवी चार-पाच कावळे यायचे. आता खिडकीबाहेर त्यांची सभाच भरायला लागली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, काव काव काव, डोक्यात घण घातल्यासारखे. मी श्रीवत्सला म्हटलं, कुणीतरी मागे कचरा टाकत असणार, बघ जरा. तो "बघतो" म्हणाला.

शुक्रवारी श्रीविद्याचा फोन आला. ती माझी शाळेतली मैत्रीण आणि भव्याची वर्गशिक्षिका. आधी माझी चौकशी झाली, मग म्हणाली, "घाबरू नकोस, पण भव्या आज असेंब्लीत एकदम खाली बसली. डोळ्यांपुढे अंधार आला म्हणे."

"सकाळी दूध पिऊन गेलीय," मी म्हटलं.

"डबा खाल्लास का विचारलं तर खाल्ला म्हणते. डबा रिकामाच होता. मी बिस्किटं दिली, ती घेतली आणि बॅगेत ठेवली. म्हणाली, घरी नेते."

"ऊन असेल गं."

"असेल," श्रीविद्या म्हणाली. तिच्या आवाजावरून तिला ते पटलं नव्हतं हे कळत होतं. मलाही पटलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मी भिंतीकडे तोंड करून झोपले.

शनिवारी शाळेला सुट्टी होती. चार दिवस कधीच उलटले होते, पण मी न्हाऊन उठले नव्हते म्हणून अम्मांची शिवाशिव तशीच चालू होती. श्रीवत्सची सकाळची शिफ्ट होती. दुपारी अम्मांनी माझं ताक-भाताचं ताट उंबऱ्याशी ठेवलं, भव्याला तिचं ताट वाढून दिलं आणि अंघोळीला गेल्या. मला वाढून झालं की त्या पुन्हा अंघोळ करतात, मगच जेवतात. बाहेर कावळ्यांनी आकाश पाताळ एक केलं होतं. माझं डोकं उठलं. निदान खिडकी तरी लावावी म्हणून मी भिंतीचा आधार घेत उठले.

खिडकीतून ओटा सरळ दिसतो. भव्या भिंतीपाशी स्टुलावर उभी होती. हातात तिचं जेवणाचं ताट. त्यातला सगळा भात तिनं भिंतीवर ओतला होता. सांबार, भाजी, अप्पळाम म्हणजे पापड, सगळं ओळीनं मांडलेलं, बाजूला श्रीविद्यानं दिलेली बिस्किटंसुद्धा. भिंतीवर कावळे नुसते तुटून पडले होते. लंगड्याला बाकीचे आत शिरू देत नव्हते. ती ताटानं त्यांना हुसकावत होती आणि लंगड्यापुढे भात सारत होती.

"तात्ता, पोदुमा?" ती विचारत होती. पुरे का, असं. "पोदुमा, तात्ता?"

लंगडा दोन शितं उचलून मागे उडाला, परत आला. कावळा कधी पुरे म्हणतो का? ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. तिचा फ्रॉक खांद्यावरून घसरला होता आणि तिची गळ्याची हाडं मला खिडकीतून दिसली. ही हाडं कधी वर आली?

"सॉरी तात्ता," ती तमिळमध्ये म्हणाली. आमच्या घरातली खरीखुरी बोलणी ती तमिळमध्येच करते. "सन्डेला मी आधी मुरुक्कु खाल्लं. तुला द्यायच्या आधी. एकच खाल्लं. म्हणून तू आईला शिवलास ना? आता तू पोटभर जेव, मग मी जेवते. आईला सोड."

मग तिनं ताट खाली ठेवलं. भिंतीवरच्या भाताचा एक घास उचलून डाव्या हाताच्या पाठीवर ठेवला, बरोबर त्या जागेवर जिथं माझ्या हातावर डाग आहे, आणि तो हात भिंतीवर आडवा धरला. डोळे घट्ट मिटून घेतले.

"मला शिव," ती म्हणाली.

मी ओट्यावर कशी पोचले ते मला आठवत नाही. चार दिवस बाथरूमपर्यंत जायला मला भिंत लागत होती. मी ओरडले असणार, कारण कावळे एका झटक्यात उडाले. भव्यानं डोळे उघडले, मला पाहिलं आणि ती माझ्यापासून मागे सरकली. स्टुलावरून पडता पडता वाचली.

"आई, नको! टच नको!"

मी तिला उचललं. मला दुखलं, टाक्यांपाशी तर जीव गेला. ती माझ्या हातांत लाकडासारखी ताठ झाली होती, कुठेही टेकत नव्हती. मी तिला घेऊन तिथंच फरशीवर बसले. तिच्या हातावरचा भात माझ्या नाइटीला लागला. तिला सांबाराचा वास येत होता आणि मला मळमळत होतं, तरी मी सोडलं नाही.

"कावळ्यानं काही केलं नाही," मी म्हटलं. "तात्तानं काही केलं नाही. मला आजार झालाय. त्याचं नाव कॅन्सर."

एवढंच होतं ते. दोन महिने जे तोंडातून निघत नव्हतं ते सांगायला एवढेच शब्द लागले.

"पण आजीनं सांगितलं."

मागे पाण्याचा आवाज थांबला होता. अम्मा ओल्या केसांनी, लुगडं कसंबसं गुंडाळून दारात उभ्या होत्या. माझा आरडाओरडा ऐकून तशाच आल्या असणार. भिंतीवर पसरलेलं जेवण त्यांनी पाहिलं, रिकामं ताट पाहिलं, माझ्या मांडीवर भव्या पाहिली. त्या काहीतरी म्हणायला गेल्या. सवयीनं "शिवलीस" असंच म्हणणार होत्या, मला ठाऊक आहे.

"अम्मा, ही पोर सोमवारपासून जेवली नाहीये," मी म्हटलं. "सगळं कावळ्यांना घालतेय. तिनं आधी मुरुक्कु खाल्लं म्हणून मला कावळा शिवला, असं वाटतंय तिला."

अम्मा तिथंच उंबऱ्यावर बसल्या. उंबऱ्यावर त्या कधीच बसत नाहीत. त्यांच्या तोंडावरचा तो सोमवारपासूनचा तजेला गेला आणि त्या एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या. मला वाटलं होतं त्या काहीतरी सारवासारव करतील. त्यांनी तसं केलं नाही.

"कण्णा, ते लटकं होतं," त्या भव्याला म्हणाल्या. "कावळा कोणासही शिवत नाहीं. मज माझ्या आईनं लटकं सांगितलं, मी तुज सांगितलं. मज दुसरं काय सांगायचं ते कळलं नाहीं गं. चुकलं माझं."

भव्या एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. मोठी माणसं दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात तेव्हा मुलं जशी बघतात तशी, आता कुणाचं खरं धरायचं ते ठरवत.

"मग कॅन्सर कोणी दिला?" तिनं विचारलं.

"कुणी देत नाही. आपोआप होतो. अंगातला एक छोटासा भाग येड्यासारखा वाढायला लागतो. डॉक्टरांनी तो काढून टाकलाय. आता परत येऊ नये म्हणून औषध देतायत. ते औषध फार कडक आहे, म्हणून मला उलट्या होतात, म्हणून मी झोपून असते. माझे केसही जाणार आहेत थोड्या दिवसांनी. मग परत येतील."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू जाणार?"

अम्मांनी पदर तोंडाला लावला. मी खोटं बोलू शकले असते. सगळे बोलतात. पण त्या घरात आता आणखी एक थाप मावली नसती.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणतात, नाही जाणार. मी पण नाही म्हणते."

तिनं ते ऐकून घेतलं. मग एकेक गोष्ट बोटांवर घेतल्यासारखी तपासायला लागली.

"तात्तानं नाही केलं?"

"नाही."

"मुरुक्कुनं नाही?"

"नाही गं."

"मी नाही?"

"नाही. तू नाही. तू काहीच केलं नाहीस."

"मग सॉरी कोणाला सांगायचं?"

गाठ हाताला लागली त्या दिवसापासून मीही तेच शोधत होते. लॅबमधल्या वाफा, आईच्या माहेरची हाच आजार झालेली कुणीतरी मावशी, आज नको उद्या म्हणून पुढे ढकललेली तपासणी, मला आधीच्या जन्मातलं पापसुद्धा चाललं असतं. कुणाची तरी माफी मागितली की हे थांबेल, असं मलाही वाटत होतं, आणि मला ते सात वर्षांच्या पोरीनं विचारेपर्यंत कळलं नव्हतं.

"कुणालाच नाही," मी म्हटलं.

"कोणालाच नाही?"

"कुणालाच नाही."

तिच्या अंगातला तो ताठपणा हळूहळू सुटला. आधी पाठ सुटली, मग मान. तिनं डोकं माझ्या चांगल्या बाजूला टेकवलं; कुठली बाजू चांगली आहे हे तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. तिचं पोट माझ्या हाताखाली गुरगुरत होतं, मला स्पष्ट ऐकू येत होतं. उंबऱ्यावर अम्मा हुंदके आवरत बसल्या होत्या.

"आई," ती म्हणाली, "मग मी जेवू?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. इतके दिवस कुठे अडकून बसलं होतं देव जाणे, ते सगळं एकदम बाहेर आलं. मला ऐकू गेलं नाही असं तिला वाटलं असावं. तिनं मान वर केली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून पुन्हा विचारलं.

"आई, मी जेवू का?"